गाण्यातून आवाज काढताना

 

मागच्या वेळी आम्ही गटाच्या हिशेबाच्या वह्यांवर बोललो होतो. ते ऐकून एका ताईंनी निरोप धाडला, 'हिशेब झाला, आता काही गाण्याबिण्याचं सांगा.' म्हणून आजचा विषय गाण्याचा आहे. पण आम्ही गाणार नाही, घाबरू नका. गाण्यातला गाणारीचा आवाज कॉम्प्युटरवर काढून नुसतं संगीत कसं ठेवायचं, हे आम्ही शिकलो ते सांगणार आहोत. आणि ते शिकल्यावर आमच्याच गावात जे झालं, तेही सांगणार आहोत.

याची गरज कशी पडली ते आधी ऐका. दर वर्षी ८ मार्चला प्रभागसंघाचा कार्यक्रम असतो, १२ जानेवारीला जिजाऊंची जयंती असते. आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजा असल्यावर त्या दिवशी कोणता गट घरी बसेल? प्रत्येक गट एक गाणं बसवतो. आमच्या गटाने एका सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर आपले शब्द बसवले होते. घराच्या आठ-अ वर बाईचं नाव लागलंच पाहिजे, असं ते गाणं. शब्द झकास झाले, पण मागे वाजवायचं काय? पेटी नाही, वाजवणारा नाही. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून पैसे देऊन ट्रॅक आणला, म्हणजे गाण्यातलं नुसतं संगीत. तो मूळ गायिकेच्या पट्टीत होता. त्या पट्टीत पहिली ओळ कशीबशी झाली, आणि अंतरा आला तसे आमचे गळे ताणून बंदच पडले. समोरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आठ-अ चं कुणाला काही कळलं नाही.

तेव्हा ठरवलं की हे आपणच शिकायचं. ग्रामसंघाच्या खोलीत हिशेबाचा लॅपटॉप आहेच. गटातल्या एका ताईंच्या मुलीने एमएस-सीआयटी केलं आहे, ती आमची मास्तरीण झाली. तिने ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. हे फुकट मिळतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी त्याची सुरुवात केली आणि २००० साली ते लोकांसाठी खुलं केलं. आजही त्याला पैसा लागत नाही. पण एक सांभाळा: ते त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. ऑडॅसिटीटीम डॉट ऑर्ग, एवढंच नाव. नुसतं नाव शोधलं की वरती भलत्याच जाहिराती येतात, त्यावर बोट पडलं तर लॅपटॉपमध्ये नको ते शिरतं. आणि तो लॅपटॉप तर हिशेबाचा!

आता आवाज निघतो कसा? हे नीट ऐका, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. इअरफोन लावला की दोन्ही कानांना वेगवेगळं ऐकू येतं. डाव्या कानात सतार जास्त, उजव्या कानात व्हायोलिन जास्त, असं. याला स्टिरिओ म्हणतात. एकाच गाण्यात दोन तारा असतात, डावी आणि उजवी. गाणारीचा आवाज मात्र मधोमध ठेवलेला असतो. मधोमध म्हणजे दोन्ही तारांत अगदी सारखा.

आता जातं डोळ्यासमोर आणा. दोघी समोरासमोर बसल्या आहेत, खुंट्याला दोघींचे हात आहेत. दोघींनी एकाच दिशेने ओढलं तर जातं गरगर फिरतं. एकीने सारख्याच जोराने उलटीकडे ओढलं तर ते जागच्या जागी थांबतं. आवाजाचंही असंच आहे. ऑडॅसिटीत एक तार उलटी करता येते, त्याला 'इन्व्हर्ट' म्हणतात. डावी तार सरळ ठेवायची, उजवी उलटी करायची आणि दोन्ही एकत्र वाजवायच्या. जे दोन्हीकडे सारखं होतं, ते एकमेकांना थांबवतं. गाणारीचा आवाज सारखा होता, म्हणून तो गेला. सतार आणि व्हायोलिन सारखे नव्हते, म्हणून ते राहिले.

करायचं कसं? गाणं आत घ्यायचं. पडद्यावर दोन पट्टे दिसतात, वरचा डावा आणि खालचा उजवा. नावाशेजारच्या बाणावर बोट ठेवून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करायचं, म्हणजे दोन्ही पट्टे सुटे होतात. मग खालचा पट्टा निवडून 'इफेक्ट' मधून 'इन्व्हर्ट' करायचं आणि वाजवून बघायचं. संपलं.

आम्ही पहिल्यांदा केलं त्या दिवशीची गंमत सांगतो. अध्यक्षबाई म्हणाल्या, माझ्या आवडीचं जुनं गाणं घ्या. रेडिओवर सकाळी लागणाऱ्यांतलं, साठ वर्षांमागचं गाणं. मुलीने सगळं बरोबर केलं, बटण दाबलं आणि खोलीत सामसूम. आवाज वाढवला, तरी सामसूम. आमच्यातली एक काकू म्हणाली, "गाणंच गेलं ना व माय! पूर्ण पुसलं का काय यानं?" मुलीचा चेहरा पडला. तिला वाटलं लॅपटॉप बिघडला आणि आता हिशेबही गेला.

बिघडलं काहीच नव्हतं. १९५०-६० च्या काळातली आपली बहुतेक गाणी स्टिरिओ नाहीतच. ती मोनो आहेत, एकाच तारेची. त्यांत जे डाव्या कानात तेच उजव्या कानात: गायिका तीच, सतार तीच, तबलाही तोच. सगळंच सारखं, मग उलटं करून मिळवल्यावर सगळंच गेलं. तेव्हापासून आम्ही आधी परीक्षा घेतो. इअरफोनचं एक टोक काढून ऐकायचं, मग दुसरं. दोन्हीकडे तंतोतंत तेच असेल तर या रीतीने काही निघणार नाही, उगाच दुपार घालवू नका. व्हॉट्सअॅपवर दहा हातांतून फिरून आलेलं गाणंही घेऊ नका. ते पिळून पिळून इतकं बारीक झालेलं असतं की आवाज काढल्यावर मागे नुसती चरचर उरते. सीडी मिळाली तर उत्तम.

स्टिरिओ गाण्यातही सगळं गोड होत नाही बरं का. मधोमध फक्त गाणारीच नसते, ढोलकीचा जाड 'धुम्म'ही बहुतेक मधोमधच ठेवतात. तिच्याबरोबर तोही जातो आणि संगीत पोकळ लागतं, तळ नसलेल्या डब्यासारखं. यावर उपाय आहे. ऑडॅसिटीच्या बऱ्याच आवृत्त्यांत 'व्होकल रिडक्शन अँड आयसोलेशन' नावाचं तयार साधन मिळतं. त्यात दोन आकडे भरलेले असतात, १२० आणि ९०००. आवाज किती जाड किंवा बारीक आहे याचं ते माप. १२० च्या खालचं म्हणजे ढोलकीचा खर्ज, ९००० च्या वरचं म्हणजे झांजेची बारीक छनछन. या दोन्हीला ते हात लावत नाही, मधल्यातूनच आवाज काढतं. बाईचा आवाज १२० च्या वरच असतो, म्हणून ढोलकी वाचते.

तरी गायिकेची सावली राहतेच. रेकॉर्डिंग करताना आवाजाला जो घुमारा देतात तो दोन्ही कानांत वेगवेगळा पसरलेला असतो, तो निघत नाही. शांत जागी ऐकलं तर दूरच्या विहिरीत कुणी गुणगुणतंय असं वाटतं. आमच्या गटाला त्याचा त्रास झाला नाही. उलट दोघींनी सांगितलं की तिचं गुणगुणणं ऐकूनच आम्ही सूर पकडतो, राहू द्या.

आता पट्टीची गोष्ट, कारण आमची फजिती तिथेच झाली होती. ऑडॅसिटीत 'चेंज पिच' आहे. त्याने पट्टी खाली-वर होते आणि वेग तोच राहतो. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या ओळीने मोजायच्या आणि किती घरं खाली यायचं ते सांगायचं. आम्ही तीन घरं खाली आणलं आणि गळे मोकळे झाले. 'चेंज टेम्पो' म्हणजे पट्टी तीच, चाल हळू. आणि 'चेंज स्पीड'ला हात लावू नका, त्याने दोन्ही बदलतं. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की बाईचा आवाज पुरुषासारखा जाड होऊन रेंगाळायचा, आठवतं? ते तसं होतं.

पट्टी खाली आणायची युक्ती जुनीच आहे. १९७१ साली जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक होता. त्याच्या एका ग्राहकाला सहलीला गेल्यावर गाणी म्हणायची होती, पण वादकाला तिथे जायला वेळ नव्हता. मग त्याने ग्राहकाच्या गळ्याला झेपेल अशा बेताने नुसतं संगीत टेपवर भरून दिलं. त्यातूनच त्याने पुढे नाणं टाकून वाजणारं यंत्र बनवलं. त्यालाच आज कराओके म्हणतात. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' म्हणजे ऑर्केस्ट्रा. या माणसाने यंत्राचं पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर किती कमावलं असतं, याचा हिशेब आमच्या सचिवताईंनी तिथल्या तिथे वहीच्या मागच्या पानावर करायला घेतला होता.

ट्रॅक तयार झाला, पट्टी जुळली, आणि आम्ही गायला उभ्या राहिलो. संगीत सुरू झालं आणि कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना! एकमेकींकडे बघत राहिलो. इतकी वर्षं आम्ही गायिकेच्या मागून गात होतो हे तेव्हा कळलं. ती उचलायची, मग आम्ही उचलायचो. आता उचलायला कुणी नव्हतं. चौघी म्हणाल्या, तिचा आवाज परत घाला. त्या दिवशी तालीम तिथेच सोडली.

यावरची युक्ती शोधली ती आमच्यातल्या एका काकूंनी. त्यांना आपण टिपरीवाल्या काकू म्हणू. त्या म्हणाल्या, भुलाबाईत कसं, आधी टिपऱ्या पडतात मग गाणं उठतं. मग आम्ही त्यांच्या टिपऱ्यांचे चार ठोके मोबाइलवर भरून घेतले आणि प्रत्येक अंतऱ्याच्या आधी ट्रॅकमध्ये चिकटवले. टक, टक, टक, टक, की सगळ्यांनी उचलायचं. एवढ्याने गाणं उभं राहिलं. तुम्ही करून बघा, दुकानातल्या ट्रॅकमध्ये हे नसतं.

जुन्या मोनो गाण्यांचं काय, असं अध्यक्षबाई विचारतच राहिल्या. त्याचं उत्तरही मिळालं. अलीकडे कॉम्प्युटरला शिकवून आवाज ओळखायला लावतात. ज्या गाण्यांचे आवाज आणि वाद्यं वेगवेगळी ठेवलेली आहेत अशी पुष्कळ गाणी त्याला ऐकवतात. मग त्याला माणसाचा आवाज कसा असतो आणि वाद्याचा कसा, हे कळू लागतं. डावं-उजवं बघायची गरजच राहत नाही. फ्रान्सच्या डीझर कंपनीने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये असं स्प्लीटर नावाचं साधन सगळ्यांना फुकट दिलं. इंटेल कंपनीने ऑडॅसिटीला लावायची जोडही फुकट दिली आहे, त्यातही हे होतं. २०२३ मध्ये बीटल्स या इंग्लंडच्या बँडचं शेवटचं गाणं आलं, ते अशाच तंत्राने. त्यांचा गायक जॉन लेनन १९८० मध्येच गेला. त्याने घरी कॅसेटवर पियानोबरोबर गायलेलं होतं. पियानो आणि आवाज एकात एक अडकलेले होते, ते सुटे झाले तेव्हा बाकीच्यांना गाणं पुरं करता आलं.

आमच्या हिशेबाच्या लॅपटॉपवर एका गाण्याला बराच वेळ लागला, एवढ्यात चहा करून पिऊन झाला. पण अध्यक्षबाईंचं गाणं निघालं. सनईचा एक तुकडा मात्र गायिकेबरोबर गेला, यंत्राला सनई बाईसारखी वाटली असावी. आम्हाला त्याचा राग आला नाही.

इथपर्यंत सगळी मौज होती. आता दुसरी गोष्ट.

ज्या यंत्राने गाण्यातून आवाज काढून संगीत ठेवता येतं, त्याच यंत्राने संगीत काढून नुसता आवाजही ठेवता येतो. बटण तेच. याचा आम्ही विचारच केला नव्हता.

आमच्या घाटाखाली भुलाबाई असते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली, सुना, लेकी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. त्या गाण्यांत सासरच्यांना नावं ठेवलेली असतात. सासू, सासरा, दीर, जाऊ, कुणी सुटत नाही. महिनाभर ही मुभाच असते म्हणा ना. सासरा ओट्यावर बसून ऐकतो आणि हसतो. त्या वर्षी टिपरीवाल्या काकूंनी एक गाणं फार सुंदर म्हटलं. आम्ही मोबाइलवर भरलं आणि आमच्याच हाताने प्रभागसंघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. काकूंना विचारलं नव्हतं. कौतुकाने टाकलं, त्यात विचारायचं काय, असं वाटलं.

तुळशीचं लग्न झालं आणि वराती सुरू झाल्या. एका संध्याकाळी आमच्या गल्लीतून वरात निघाली, पुढे डीजेची गाडी. छातीत धडधड व्हावी असे ठोके, आणि त्या ठोक्यांवर काकूंचा आवाज. टिपऱ्या काढून टाकलेल्या, मागच्या मुलींचा आवाज काढून टाकलेला, राहिल्या फक्त काकू. गाणंही पुरं नाही. सासऱ्याला नावं ठेवणारी तेवढी एक ओळ कापून घेतलेली, आणि तीच पुन्हा पुन्हा, वीसदा, तीसदा. पोरं त्यावर नाचत होती. काकूंचे सासरे ऐंशीच्या घरातले, ओट्यावर बसले होते. गाडी त्यांच्या समोरून गेली.

त्या रात्री काकूंच्या घरी जे झालं ते सगळं इथे सांगत नाही. मुलगा म्हणाला, "काहून गेली होती गाले?" सासरे कुणाशी बोलेनात, जेवले नाहीत. पुढच्या बैठकीला काकू आल्या नाहीत. त्यांची बचत सुनेच्या हाताने आली. त्याच्या पुढच्या बैठकीलाही तसंच. आमच्या गटात सुरुवातीपासून एकदाही गैरहजर नसलेली बाई, तिच्या नावापुढे वहीत दोनदा गैरहजर लिहिताना सचिवताईंचा हात अडखळला.

आम्ही चौघी जणी तिच्या घरी गेलो. लॅपटॉप बरोबर घेतला. काकू आतून बाहेर आल्या नाहीत. आम्ही सासऱ्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, बाबा, एवढं ऐका. आमच्याकडे मूळ गाणं होतं, ते लावलं. टिपऱ्या, मुली, हसणं, मध्येच रडणारं एक लेकरू, सगळं होतं त्यात. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "हे तं माही मायबी म्हने." थोडं थांबून म्हणाले, "मंग तेवढंच काहून वाजवलं?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. चूक आमची होती हे मात्र सांगितलं. गाणं आम्ही बाहेर पाठवलं, त्यांच्या सुनेने नाही, हे स्पष्ट सांगितलं. ते सांगायला हवंच होतं, कारण घरात तोवर सगळं काकूंच्याच माथी बसलं होतं.

डीजेवाल्याकडेही गेलो. पोरगंच ते, विशी-बाविशीचं. म्हणालं, "ताई, व्हॉट्सअॅपवर आलं होतं. त्यात काय?" वाईट हेतू नव्हता त्याचा, आवाज दमदार आहे म्हणून घेतला म्हणाला. खरं तर आम्ही सिनेमाच्या गायिकेचं जे करत होतो तेच त्याने काकूंचं केलं होतं, फक्त उलटीकडून. हे जाणवलं तेव्हा त्याला फार बोलता आलं नाही. आमच्यासमोर त्याने पेनड्राइव्हमधून ते पुसलं. पण तोवर ते आणखी दोन गाड्यांवर गेलं होतं. पुढे कुठे कुठे गेलं ते कोण मोजणार?

नंतर आम्ही कायद्याचंही विचारून घेतलं. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. एका गाण्याचे मालक एकापेक्षा जास्त असतात: शब्द लिहिणारा, चाल बांधणारा आणि रेकॉर्डिंग करणारी कंपनी. गायिकेचा आवाज काढला म्हणून चाल आपली होत नाही, आणि उरलेलं संगीतही कंपनीच्या रेकॉर्डिंगचंच असतं. लिहिणाऱ्याचा हक्क तो गेल्यानंतरही ६० वर्षं चालतो. हौशी मंडळाने तिकीट न लावता लोकांसमोर गाणं म्हणायला कायद्यात मुभा आहे, पण ती शब्दांना आणि चालीला आहे. काढलेला ट्रॅक यूट्यूबवर टाकणं किंवा विकणं त्यात बसत नाही. म्हणून आमचे ट्रॅक लॅपटॉपमध्येच असतात आणि तालमीला वापरतो. रेडिओवर पाठवायचं गाणं असेल तर आपल्या चालीचं, आपल्या ढोलकीचं किंवा खंजिरीचं करतो. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं बसवून ठेवली, त्यांना कुठे ट्रॅक लागला होता? तसाही समाज रेडिओचा नियम आहे की निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने झालेला असावा.

आणि दुसरी गोष्ट आम्हाला ठाऊकच नव्हती. त्याच कायद्यात गाणारीचाही हक्क आहे. ती मोठी गायिका असली पाहिजे असं नाही. जी लोकांसमोर गाते, तिचं गाणं तिच्या संमतीशिवाय भरायचं नाही, पसरवायचं नाही. हा हक्क ५० वर्षं राहतो. म्हणजे काकूंचाही तो आहेच. आम्ही तक्रार केली नाही. काकूंनाच नको होतं, गावात आणखी बोभाटा नको म्हणाल्या. त्यांचं म्हणणं आम्ही मानलं, जरी आमच्यातल्या दोघींना ते पटलं नव्हतं.

गटाने मात्र ठराव केला आणि वहीत लिहिला. कुणाचंही गाणं भरायच्या आधी तिला विचारायचं. भरल्यावर तिला पूर्ण ऐकवायचं. बाहेर पाठवायचं असेल तर कुठे पाठवतो ते सांगून सही किंवा अंगठा घ्यायचा. ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचं, कारण विचारायचं नाही. घाटावरच्या एका गटाला हा ठराव जास्तच कडक वाटला. त्यांच्याकडे असं काही झालेलं नाही, म्हणून वाटत असेल.

ओव्यांचंही आम्हाला यावरून सुचलं. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. आज त्या 'पारी' नावाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि ओवी कुणाची, गाव कोणतं, ते तिथे लिहिलेलं असतं. आमच्या लॅपटॉपमध्येही आता प्रत्येक गाण्याच्या फाइलला गाणारीचं नाव, गाव आणि तारीख असते. ट्रॅकच्या फाइली वेगळ्या, आमच्या आवाजाच्या वेगळ्या. आवाजाच्या फाइलींना पासवर्ड आहे. तो काय आहे ते रेडिओवर सांगत नाही!

काकू संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या. मग बैठकीला येऊ लागल्या. त्या ८ मार्चला आमचं आठ-अ चं गाणं झालं, या वेळी तीन पट्ट्या खाली, कुणी हसलं नाही. काकू मात्र गायल्या नाहीत. मागे उभ्या राहून टिपऱ्या वाजवत होत्या. पाटलाच्या वाड्यातल्या दोन सुनांनी कार्यक्रम संपल्यावर आठ-अ चा अर्ज कुठे करायचा ते विचारलं, तेवढं आमचं काम झालं.

गेल्या भुलाबाईत एका संध्याकाळी काकू स्वतःहून म्हणाल्या, एक म्हणते. पण त्याआधी त्यांनी एक रिकामी टोपली मध्ये आणून ठेवली. सगळ्यांचे मोबाइल त्या टोपलीत गेले, आमचेही. वरून फडकं झाकलं. मग त्यांनी तेच गाणं म्हटलं, सासऱ्याच्या ओळीसकट. बाबा ओट्यावर होते. ते गाणं आमच्यापाशी भरलेलं नाही, त्यामुळे आज तुम्हाला ऐकवता येणार नाही.

बरं, आता कामाचं. ज्या गटांना ट्रॅक करायला शिकायचं आहे त्यांनी शनिवारी दुपारी, रांधणं-जेवणं उरकून, ग्रामसंघाच्या खोलीवर यावं. एका गटातून दोघी पुरेत. गाणं कोणतं ते आधी ठरवून या, तिथे येऊन भांडू नका. सीडी असेल तर आणा. आणि इअरफोन आपापला आणा, दोन्ही बाजूंनी चालणारा. मागच्या शनिवारी तिघींचे एका कानाचे निघाले, आणि त्यांना प्रत्येक गाणं मोनोच वाटत होतं.